जिनिंगमधलं अधिवेशन

आमच्या आमदारांना घरात मीठ हवं असलं तरी ते प्रश्न विचारत, आणि तोही साधा नाही.

"हे खरे आहे काय, की आजच्या वरणात मीठ कमी पडले आहे?"

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा आवाज यायचा, "हे अंशतः खरे आहे."

"असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे?"

"मीठ तुमच्या डाव्या हाताला आहे."

"नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

"प्रश्न उद्भवत नाही!" असं म्हणून काकू पातेल्यावर झाकण आपटायच्या आणि आबा समाधानाने भात कालवायला घ्यायचे. विधानसभेतले तारांकित प्रश्न याच साच्यातून निघतात. बाकीचे आमदार तो साचा मुंबईला ठेवून गावी येतात. आमचे आबा तो अंगात घालूनच फिरत. लग्नात नवरदेवाच्या बापाला विचारत, "हे खरे आहे काय, की मुहूर्त टळून गेला आहे?" आणि एखाद्या घरी द्वारदर्शनाला गेले, की मयताच्या थोरल्या मुलाचा हात हातात घेऊन हलक्या आवाजात म्हणत, "असल्यास, कशाने?"

त्यांचा मतदारसंघ कोणता ते विचारू नका. चाळीसगाव आणि धुळ्याच्या मधे कुठेतरी, एवढं पुरे. त्यांचे कार्यकर्ते अजून माझ्या छापखान्यात लग्नपत्रिका टाकतात आणि मला धंदा करायचा आहे.

हो, मी छापखानेवाला. आबांचा 'वार्षिक कार्यअहवाल' दर वर्षी माझ्याकडेच छापला जाई. गुळगुळीत कागद, पानोपानी आबा. आबा नारळ फोडताना, आबा कुदळ मारताना, आबा फीत कापताना. एका वर्षी मी भीत भीत म्हटलं, "आबा, या फोटोत तुम्ही जी कुदळ मारताय ती मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात आहे." आबा म्हणाले, "खड्डा तोच आहे, कुदळ नवीन आहे. छापा."

पण मी त्यांचा नुसता छापखानेवाला नव्हतो. मी त्यांचा अध्यक्ष होतो. ते मला बाजारात, बसस्टँडवर, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असतानासुद्धा "अध्यक्ष महाराज" म्हणूनच हाक मारायचे आणि लोक वळून बघायचे. ही भानगड कशी सुरू झाली ते सांगतो.

आबा पहिल्यांदा निवडून गेले आणि पहिल्याच अधिवेशनात बोलायला उभे राहिले. "अध्यक्ष महाराज" म्हणाले. पुढे काहीच आलं नाही. सगळं सभागृह वाट बघतंय, आबा वर छताकडे बघतायत. पुन्हा एकदा "अध्यक्ष महाराज" म्हणाले आणि खाली बसले. इकडच्या पेपरात बातमी आली, 'आमदारांनी सभागृहाचे लक्ष वेधले.' ते खोटं म्हणता येणार नाही.

त्या फजितीनंतर आबांनी पण केला, की तालीम केल्याशिवाय सभागृहात पाऊल टाकायचं नाही. गावाबाहेर शेठजींची कापसाची जिनिंग, म्हणजे सरकी काढायची गिरणी होती, बरीच वर्षं बंद. शेठजींचे पणजोबा राजस्थानातून आले आणि शेठजी आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतात. त्यांनी शेड झाडून दिली. प्रत्येक अधिवेशनाआधी तिथे गावचं अधिवेशन भरू लागलं. मी कॉलेजात असताना नाटकातून राजे-महाराजे केलेले, आवाज खणखणीत, म्हणून मला अध्यक्ष केलं. जिनिंगमधलीच पाळी सुटल्याची घंटा माझ्यासमोर ठेवली. विरोधी बाकांवर बसायला गावात मारामारी, कारण तिथे ओरडायला मिळायचं. सत्ताधारी बाकांवर एकटे शेठजी. त्यांना म्हटलं, शेठजी, एखादे दिवशी तिकडे बसा की. तर म्हणाले, "आपन इकडेच बरे. सरकार कोनतंबी येवो, माले जागा बदलनी पडत नही." चहा आला की सगळे एकसाथ सभात्याग करत. हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनाआधी भरीत असे, तेव्हा सभात्याग जरा लांबायचा.

राहिला मंत्री. आणि इथे आमच्या नानांना आणायला हवं.

नाना म्हणजे धुळ्याच्या सरकारी कचेरीत बांधकामाच्या टेबलावर आयुष्य काढून निवृत्त झालेला माणूस. ऐंशीच्या पुढचे, सुपारीसारखे सुकलेले, पण जीभ अजून हिरवी. वरून विचारणा आली की खालून उत्तर पाठवायचं हे त्यांचं काम. 'प्रस्ताव विचाराधीन आहे', 'निधीच्या उपलब्धतेनुसार', 'माहिती संकलित करण्यात येत आहे', ही सगळी वाक्यं त्यांच्या तोंडात पान लावल्यासारखी तयार असत. एरवी नाना अहिराणी बोलत. पण शेडमधल्या मंत्र्याच्या खुर्चीत बसले, की मान ताठ होई, डोळे अर्धे मिटत आणि तोंडातून कचेरी बाहेर पडू लागे.

आणि गंमत बघा. आबा दर वर्षी जो प्रश्न मांडायचे, तो नानांचाच होता.

आमच्या गावाचं स्मशान नाल्यापलीकडे आहे. उन्हाळ्यात नाल्यात गुरं बसतात. पावसाळ्यात नाला असा चढतो, की माणसाचं काय, म्हशीचं धाडस होत नाही. अलीकडची सगळी जमीन शेतांची, स्मशानाला कोण देणार? मागच्या एका आमदारांनी पलीकडे पत्र्याची शेड बांधली, बसायला सिमेंटची बाकडी टाकली, बाकड्यांवर आपलं नाव घातलं. आबांनी आपल्या निधीतून नाल्याच्या काठावर उंच खांबाचा दिवा लावला. पुलाचा खर्च निधीत बसत नव्हता, दिव्याचा बसत होता. त्यामुळे पुढे रात्रीसुद्धा पूर स्वच्छ दिसू लागला.

नानांच्या पत्नी, आमच्या अक्का, श्रावणात गेल्या. पाणी उतरेल म्हणून थांबले. उतरलं नाही. शेवटी रस्त्याच्या कडेला, बसथांब्यामागे, वरून पत्रे धरून अग्नी दिला. पत्रे धरणाऱ्यांत मी होतो. एक एसटी आली, थांबली, ड्रायव्हरने बघितलं आणि गाडी हळूच पुढे नेली. नाना पुढच्या तालमीला आपण होऊन आले आणि म्हणाले, "मंत्री मी व्हसू."

"नाना, तुम्ही? पूल तर तुम्हालाच पाहिजे."

"म्हनीसन तर," नाना म्हणाले. "मी पावसायामा मरसू तर माले कोठे लई जाशात? बसथांबावर? माले पूल जोयजे. आन् नही म्हनानं कसं, ते बठ्ठास्मा माले चांगलं येस. मी नही म्हनसू, आबा शिकतीन."

मग काय विचारता! आबा उठत, जाकिटाची बटणं लावत.

"हे खरे आहे काय, की सदर नाल्यावर पूल नसल्याने ग्रामस्थांची पावसाळ्यात गैरसोय होत आहे?"

नाना डोळे न उघडता म्हणत, "गैरसोय ग्रामस्थांची होत नाही. मृतांची होते. मृतांकडून शासनास एकही तक्रार प्राप्त झालेली नाही."

विरोधी बाकांवरून आरडाओरडा. मी घंटा बडवायचो. "खाली बसा! सन्माननीय सदस्य, बिडी विझवा!"

"पूल कधी होणार?" आबा गरजत.

"नाला उन्हाळ्यात कोरडा असतो. ग्रामस्थांनी शक्यतो त्या काळात नियोजन करावे."

"अध्यक्ष महाराज, हे उत्तर म्हणजे जनतेच्या जखमेवर मीठ आहे!"

"मीठ हा विषय माझ्या खात्याकडे येत नाही."

काय मंत्री होता तो! नानांच्या प्रत्येक नकारावर आबांचं भाषण धारदार होत गेलं. पहिल्या वर्षी अडखळणारे आबा पुढे हात उंचावू लागले, मग टेबल ठोकू लागले, मग चष्मा काढून हवेत नाचवू लागले. शेवटाला एक वाक्य होतं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून बसवलं होतं. "मंत्रिमहोदय, तुम्ही नाही म्हणा, शंभरदा नाही म्हणा, पण एक दिवस तुम्हालाही चार खांद्यांवरून जायचंय!" या वाक्याला शेठजीसुद्धा सत्ताधारी बाकावरून टाळी देत.

फक्त खऱ्या सभागृहात हे वाक्य पोहोचत नव्हतं. प्रश्नांचा क्रम चिठ्ठीवर ठरतो. प्रश्नोत्तराचा तास संपला की खालचे प्रश्न तसेच राहतात आणि त्यांची छापील उत्तरं टेबलावर येऊन पडतात. आबांचा प्रश्न नेहमी खालीच. छापील उत्तर येई, 'प्रस्ताव विचाराधीन आहे.' नाना ते हातात घेऊन चव घेतल्यासारखं वाचत. "वाक्य मन्हंच शे," म्हणत. "अजूनबी तेच चाली राहिनं."

आणि मग एका पावसाळी अधिवेशनात आबांचा प्रश्न वर आला. अगदी वर.

गावात बातमी फुटली. आता कामकाज मोबाइलवर थेट दिसतं. शेठजींनी शेडमध्ये मोठा टीव्ही लावला. बायाबापड्या, पोरंसोरं, सगळे जमले. बाहेर पाऊस, नाल्याचा आवाज आतपर्यंत. नाना पुढच्या खुर्चीत, अंगात स्वेटर.

पडद्यावर आबा उठले. बटणं लावली. प्रश्न झाला. मंत्री उभे राहिले. भला माणूस दिसत होता, थोडा दमलेला. कागदाकडे बघून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांची मागणी रास्त आहे. मृतदेहाची अशी हेळसांड होता कामा नये. या पुलाला मंजुरी देण्यात येईल."

शेडमध्ये एक क्षण काही समजेना. मग जो काही जल्लोष! कोणीतरी माझीच घंटा बडवली. नाना खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

आणि पडद्यावर आबा पुन्हा उठले.

"अध्यक्ष महाराज! हे उत्तर म्हणजे जनतेच्या जखमेवर मीठ आहे!"

घंटा बडवणाऱ्याने घंटा खाली ठेवली.

"आबा, तो हो म्हनी राहिना!" विरोधी बाकांवरचा एक गडी टीव्हीला ओरडून सांगू लागला. "बठी जा! आबा, बठी जा!"

शेजारचे आमदार आबांचं जाकीट ओढत होते. आबांनी जाकीट सोडवून घेतलं आणि चष्मा काढून हवेत नाचवला. मंत्री अर्धे उठून म्हणाले, "अहो, मी मंजुरी दिली आहे."

"अशी आश्वासनं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत!"

सभागृहात हसू. मंत्र्यांनी हातातला कागद मिटला. भल्या माणसाचा चेहरा बदलला.

"तुम्ही नाही म्हणा, शंभरदा नाही म्हणा," आबा गरजले, "पण एक दिवस तुम्हालाही चार खांद्यांवरून जायचंय!"

तिथे कोणी टाळी दिली नाही. सवयीने इकडे शेठजींचा हात उठला होता, तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला. पडद्यावरचे अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांचं समाधान झालेलं दिसत नाही. प्रश्न राखून ठेवण्यात येत आहे." आणि आबा कपाळाचा घाम पुसत, विजयी मुद्रेने खाली बसले.

राखून ठेवलेला प्रश्न अधिवेशन संपेपर्यंत पुन्हा निघाला नाही. पेपरात मात्र मथळा आला, 'आमदारांनी मंत्र्यांना धारेवर धरले.' चाळीसगाव स्टेशनवर कार्यकर्त्यांनी हार घातले, ढोल वाजवले. फलक मीच छापून दिला होता, 'सभागृहाचा वाघ'. ऑर्डर होती, काय करणार! वाघ गाडीतून उतरला तो थेट शेडवर आला. नाना वाट बघत बसले होते.

"कसं झालं भाषण, नाना?"

"भाषन झकास व्हयनं. मंत्री काय बोलना?"

"नाही म्हणाला. नेहमीसारखा."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाइल काढला आणि आबांच्या हातात दिला. आबांनी बघितलं. पुन्हा मागे नेऊन बघितलं. मंत्र्यांचं वाक्य ऐकताना ते मोबाइल कानाजवळ नेत होते. बाहेरचा ढोल कुणीतरी थांबवला.

"आबा," मी म्हटलं, "हे खरे आहे काय, की मंत्री हो म्हणाले होते?"

आबांनी मोबाइल परत दिला. खाली बघत म्हणाले, "हे खरे आहे."

एवढ्या वर्षांत 'अंशतः'शिवायचं 'खरे आहे' मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मला वाटलं, नाना आता त्यांना सोलून काढणार. पण नाना म्हणाले, "चूक मन्ही शे. इतला वरीस मी त्याले एकदाबी हो म्हनं नही. हो आयकानी सवय कशी लागी?"

त्या पावसाळ्यात नानांना ताप आला. डॉक्टर मान हलवू लागले. नानांनी त्यांचा हात धरला. "आते नही मरानं. नालाले पानी शे." आबा रोज येऊन उशाशी बसत. प्रश्न विचारत नसत. सभागृहातला तो पहिला प्रसंग सोडला, तर आबा इतके गप्प कधीच नव्हते. आश्विन लागला, नाला उतरला, तसे नानाही उठून बसले.

नागपूरच्या अधिवेशनाआधी शेड पुन्हा भरली. या वेळी तालीम उलटी होती. नाना खुर्चीत बसले, डोळे अर्धे मिटले आणि म्हणाले, "पुलाला मंजुरी देण्यात येईल."

आबा उठले. "धन्यवाद, अध्यक्ष महाराज. परंतु..."

"परंतु नही!" सगळं गाव ओरडलं.

पुन्हा. "पुलाला मंजुरी देण्यात येईल."

"धन्यवाद. तथापि..."

मी घंटा दिली. काकू त्या दिवशी पहिल्यांदाच शेडवर आल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, मी जेवायला वाढते तेव्हा भाषण करता का? गप्प खाता ना? तसं." संध्याकाळपर्यंत हे चाललं. आबांचा चष्म्याकडे जाणारा हात काकू बाजूला बसून धरून ठेवत होत्या. शेवटी दिवेलागणीला आबा "धन्यवाद, अध्यक्ष महाराज" एवढंच म्हणाले आणि बसले. बसल्यावर त्यांचा श्वास असा सुटला, जसा पोत्याचा टाका उसवावा. भरीत त्या दिवशी पार गार झालं होतं, पण कुणी कुरकुर केली नाही.

नागपूरला प्रश्न आला. तेच मंत्री. आबांना बघून त्यांनी कागद आधीच मिटून ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मंजुरी देतो. बास?"

शेडमध्ये आम्ही श्वास धरला. पडद्यावर आबा उभे राहिले. ओठ हलले. उजवा हात चष्म्याकडे गेला, तिथून फिरला आणि जाकिटाच्या खिशात शिरला. आतमध्ये तो काय धरून बसला होता कोण जाणे.

"धन्यवाद, अध्यक्ष महाराज."

आणि बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळही नव्हती. मी आबांना विचारलं, फलक छापू का? म्हणाले, "काय छापणार? 'आमदार खाली बसले'?"

छापलं मात्र दुसऱ्यांनी. पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी तो तुकडा कापून प्रत्येक मोबाइलवर पाठवला. आबा उभे राहतात, एक वाक्य बोलतात, बसतात. वर अक्षरं, 'हाच का तुमचा आवाज?' लोकांना ते पटलं. पंचक्रोशीला वाघ हवा होता. आमच्या गावाने भरभरून मतं दिली, पण आमचं गाव केवढं! आबा पडले.

निकालानंतर ते छापखान्यात आले. नवीन कार्ड छापायचं होतं. नावाखाली 'माजी आमदार' लिहून दिलं आणि काचेवर बोट ठेवून म्हणाले, "अध्यक्ष महाराज, 'आमदार' ठळक घ्या. 'माजी' जरा बारीक." मी इतकं बारीक घेतलं, की अजून बरीच माणसं त्यांच्याकडे दाखले मागायला येतात.

पूल झाला. दोन्ही बाजूंना कठडा, वर डांबर. कोनशिला नव्या आमदारांच्या नावाची. उद्घाटनाला आबांना आमंत्रण होतं, शेवटच्या रांगेचं. नव्या आमदारांनी झकास भाषण केलं, हात उंचावून, टेबल ठोकून. आबा तोंडातल्या तोंडात त्याला गुण देत होते.

परवा पावसात मी, आबा आणि नाना पुलावर गेलो होतो. नाला दोन्ही काठ धरून चाललेला, वर आबांचा दिवा भर दुपारी जळतोय, पलीकडे सिमेंटची बाकडी ओली. नाना नव्वदीला टेकलेत. कठड्याला धरून ते मधोमध उभे राहिले आणि खालून जाणाऱ्या पाण्याकडे बघत बसले. कितीतरी वेळ. पलीकडे मात्र पाऊल टाकेनात.

आबांना राहवेना. त्यांनी छत्री माझ्याकडे दिली. जाकिटाची बटणं लावली.

"हे खरे आहे काय," ते म्हणाले, "की सदर पूल सन्माननीय नानांसाठी बांधण्यात आला आहे? असल्यास, सन्माननीय नाना त्याचा वापर कधी करणार आहेत? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

नानांनी मान ताठ केली. डोळे अर्धे मिटले.

"प्रस्ताव विचाराधीन आहे," ते म्हणाले. "निश्चित कालमर्यादा सांगता येणार नाही."

आबांचा हात चष्म्याकडे गेला. मी घंटेसाठी इकडेतिकडे बघितलं. पण आबांनी हात खाली घेतला, नानांच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले,

"धन्यवाद, अध्यक्ष महाराज."